फकिरा : दरोडा कुणाचा आणि क्रांती कुणाची?

फकिराला नुसता स्वातंत्र्यसैनिक म्हणायला माझा विरोध आहे. हे वाक्य मी मुद्दाम पहिलं लिहितोय. शेवटी लिहिलं असतं तर निम्मे मित्र तिथवर आलेच नसते आणि उरलेले निम्मे 'हा उलटला' म्हणून मोकळे झाले असते.

दर १ ऑगस्टला अण्णा भाऊ साठ्यांची जयंती होते. वाटेगावला होते, कराडला होते, घाटकोपरच्या चिरागनगरात होते. २०२२ साली तर मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. आपल्याकडच्या जयंतीच्या स्टेजवर पुढारी उभे राहतात, कारखान्याचे चेअरमन उभे राहतात, आणि सांगतात की फकिरा म्हणजे इंग्रजांशी झुंजलेला थोर क्रांतिवीर. टाळ्या पडतात. आमचीच पोरं जास्त जोरात वाजवतात. त्या टाळ्या ऐकल्या की मला वाटतं, ह्या पुस्तकातलं जे सगळ्यांत टोचणारं होतं ते कुणीतरी काढून ठेवलंय आणि उरलेलं पुस्तक हार घालून आपल्याला परत दिलंय. इंग्रज गेला, म्हणजे फकिराचं भांडणही मिटलं. चेअरमन घरी, आपण घरी.

'फकिरा' मी हजेरीची कादंबरी म्हणून वाचतो. इंग्रज तिच्यात आहे, पण तो लांब आहे. जवळ आहे ती चावडी. आणि चावडीवरचं पुस्तक, ज्यात माणसाचं नाव तो काही करायच्या आधीच लिहिलेलं असतं.

हे पटवायचं तर आधी आपल्याच मुलखातल्या दुसऱ्या एका इतिहासाशेजारी 'फकिरा' ठेवून बघावी लागेल. अण्णा भाऊ १९२० साली जन्मले तेव्हा वाटेगाव सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा काढला, १९६० साली त्याचं नाव सांगली ठेवलं. म्हणून ज्याला आपण साताऱ्याचं प्रतिसरकार म्हणतो त्याची कितीतरी गावं आज सांगलीत आहेत. कुंडल सांगलीत, वाळवा सांगलीत. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र सांगलीत. लोकांनी प्रतिसरकारचं पत्री सरकार केलं. गावगुंडाच्या, खबऱ्याच्या तळव्यांवर फटके पडायचे, आणि बैलाला पत्री ठोकतात तशी माणसाच्या पायाला ठोकतात अशी बोलवा होती. १९४३ ते ४६ ह्या काळात इथं गावोगाव न्यायदान मंडळं चालली, कमी खर्चातली गांधी-लग्नं लागली, सावकाराला धाक बसला. हे सगळं खरं आहे आणि मोठं आहे. त्याला कमी लेखणारा मी नव्हे.

ह्याच पत्री सरकारच्या तूफान सेनेनं ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला. पुढं १४ एप्रिल १९४४ ला ह्याच मुलखातल्या पोरांनी पार धुळ्याकडं जाऊन सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. (तारीख बघा. पण त्यांच्या डोक्यात ती कुणाचा जन्मदिवस म्हणून नसावी.) त्या लढ्यातले जुने शिपाई म्हातारपणापर्यंत सांगत आले की आम्ही लुटलं म्हणू नका, इंग्रजानं आमचाच लुटलेला पैसा आम्ही परत आणला. मला हे पूर्ण मान्य आहे. पैसा रयतेचा होता, तो रयतेच्या लढ्याला लागला.

आता 'फकिरा' उघडा. दुष्काळ पडलाय. मांगवाड्यात, महारवाड्यात माणसं अन्नावाचून मरायला लागलीत. फकिरा आपली माणसं घेऊन माळवाडीच्या मठकऱ्याकडचं धान्य लुटतो आणि भुकेल्यांना वाटतो. पुढं बेडसगावचा सरकारी खजिना लुटतो. सांगा, शेणोलीची रेल्वे आणि बेडसगावचा खजिना ह्यांत फरक काय? एकाला आपण शाळेच्या पुस्तकात क्रांती म्हणतो, दुसऱ्याला पोलिसाच्या पुस्तकात दरोडा म्हणतात. पाच माणसं मिळून जबरी चोरीला गेली की दरोडा, ही कायद्याची व्याख्या. पिनल कोडाच्या ३९५ कलमाला शेणोली तेवढीच बसते जेवढी माळवाडी बसते. फरक कायद्यात नव्हता, मग तो कुठं होता?

स्टेजवरचे पुढारी ह्याला उत्तर म्हणून सांगतात, 'अहो, म्हणूनच तर आम्ही फकिरालाही क्रांतिवीर म्हणतो.' खजिना लुटला तो त्यांना चालतो, कारण तो इंग्रजाचा होता. मठकऱ्याचं धान्य त्यांच्या भाषणात येतच नाही. मठकरी इंग्रज नव्हता. तो आपल्यातलाच, धान्य राखून बसलेला. शेजारी माणूस मरत असताना ज्याच्या घरात धान्य आहे त्याच्या धान्यावर मरणाऱ्याचा हक्क आहे की नाही, हा 'फकिरा'तला खरा प्रश्न. तो इंग्रज गेल्यानं सुटत नाही. म्हणून भाषणात खजिना राहतो आणि धान्य गळतं.

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. अमेरिकेत गुलामीतून पळून आलेल्या फ्रेडरिक डग्लसनं १८५५ साली आपल्या आत्मकथेत हाच हिशोब मांडला होता. गुलाम मालकाच्या मालकीचा, मांसही मालकाच्या मालकीचं. मग गुलामानं ते खाल्लं तर मालकाचा माल एका भांड्यातनं दुसऱ्या भांड्यात गेला, चोरी कसली? आपल्या जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केली ती उगाच नव्हे. जोतीबांचं मूळ गाव कटगुण, खटाव तालुक्यातलं, जिल्हा सातारा. ज्यांना माल समजलं गेलं त्यांची चोरी कशी मोजायची, हे कोडं समुद्रापलीकडं आणि कृष्णेकाठी एकच होतं. डग्लस मालकाशी युक्तिवाद करतो. फकिराला युक्तिवादाला वेळ नाही, घरातलं पोर मरतंय.

आता हजेरी.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. आधी उत्तरेत, मग १९११ पासून सगळ्या देशाला लागू होईल असा, १९२४ ला पुन्हा घट्ट केलेला. ह्या कायद्यात सरकारला एखादी जमातच गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. एकदा जाहीर झाली की माणसाची नोंद, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातल्या वसाहती उभ्या केल्या, तिथं कुटुंबंच्या कुटुंबं नेऊन ठेवली. आरोप, पुरावा, साक्षीदार, कशाचीच गरज नाही. जन्म हाच पुरावा. इंग्रज साहेबाला ही युक्ती सुचली ह्याचं मला नवल वाटत नाही. जन्मावरनं माणसाचा धंदा आणि लायकी ठरते हे त्याला इथल्यांनीच शिकवलं होतं. त्यानं फक्त त्याचं रजिस्टर केलं.

आमच्या वारणेकाठी ही गोष्ट सांगणारी म्हातारी माणसं माझ्या लहानपणी होती. आमचा आजा हजेरीला जायचा. कामावर असला, आजारी असला, घरात मयत असली तरी जायचा. 'न्हाई गेलो तर रातच्याला येऊन उठवायची, आन् मग त्यो दिवस सगळा चावडीम्होरं उन्हात,' असं तो सांगायचा. रागानं सांगायचा नाही. पावसाची गोष्ट सांगावी तसं सांगायचा. मी मोठा होऊन 'फकिरा' वाचली तेव्हा लढाईची पानं वाचून माझं रक्त तापलं, सगळ्यांचंच तापतं. पण जिथं मांगांवर हजेरी लागते, चांगला पाटील जाऊन दुसऱ्याच्या हातात कारभार येतो आणि मांगवाडा चावडीपुढं उभा केला जातो, तिथं मी पुस्तक खाली ठेवलं. आज्याचा तो आवाज मला पहिल्यांदा समजला. अण्णा भाऊंची सगळ्यांत थोर पानं माझ्या मते ती आहेत. तलवार नाही, घोडा नाही. धडधाकट माणसं नाव पुकारलं की 'हाजीर' म्हणतात. एवढंच. वाचणाऱ्याची मान आपोआप खाली जाते.

आता तारखा बघा. १५ ऑगस्ट १९४७ ला झेंडा बदलला. मुंबई इलाख्यात हा कायदा उठला १९४९ ला. देशभरातनं उठला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे लाल किल्ल्यावर तिरंगा चढल्यावरही ह्या देशात लाखो माणसं पोलिसाला विचारून गाव सोडत होती. विमुक्त जमातींचे लोक ३१ ऑगस्ट हाच आपला मुक्तिदिन मानतात. आणि 'फकिरा' छापली गेली १९५९ साली, त्याच साली मुंबई राज्यानं सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा केला. नव्या कायद्यात जातीचं नाव नव्हतं, शिक्षा झालेला माणूस धरायचा होता, हे मान्य. पण गावात चोरी झाली की पहिली जीप कुठल्या वस्तीकडं वळते हे मला कुणी सांगायला नको. फकिराला १९४७ च्या खात्यात जमा करणाऱ्यांना हा हिशोब नको असतो.

पत्री सरकारबद्दल एक गोष्ट मी इथं विचारणार आहे. विचारायला भीती वाटते, कारण आपल्या भागात तो देवघरातला विषय आहे. प्रतिसरकारला लोकांनी डोक्यावर घेतलं त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांनी दरोडेखोरांच्या टोळ्या मोडल्या. चळवळीच्या नावावर लुटालूट करणारे होते, त्यांना त्यांनी सरळ केलं. चांगलं केलं. रात्री दार उघडं टाकून झोपता यायला लागलं असं लोक सांगतात. पण त्या टोळ्यांत कोण होतं? ज्यांना वर्षानुवर्षं सरकारी कागदावर चोर म्हणून लिहिलं, ज्यांना जमीन नाही, बलुतं तुटपुंजं, परगावी जायला परवाना, त्यांच्यातले किती? आणि न्यायदान मंडळात निवाडा करायला कोण बसलं होतं? नेतृत्व बहुतांशी कुणबी-मराठा शेतकऱ्यांच्या पोरांचं होतं. त्यांनी शिवाशिवीविरुद्ध बोललं, काही ठिकाणी वागलेही. तरी सरकार 'प्रति' झालं म्हणून चावडी 'प्रति' झाली का, हे कुणी नीट लिहिलेलं मला अजून वाचायला मिळालेलं नाही. गेल ऑम्व्हेट अमेरिकेतनं येऊन इथं कासेगावात राहिल्या, २०२१ साली इथंच गेल्या. त्यांनी ह्या चळवळीचा अभ्यास करताना जात आणि जमीन दोन्ही विचारलं. आपल्या कॉलेजातले मास्तर अजून आठवणी आणि गौरवग्रंथच छापतात.

मसूर हे कराडच्या अलीकडचं स्टेशन, शेणोली पलीकडचं. एकाच रुळावर. १९०१ साली मसूरला उतरलेल्या लहानग्या भीमरावाला आणि भावंडांना जात कळल्यावर गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेतलं, गाडी पोरांनी हाकायची आणि तो चालत येणार, ह्या बोलीवर ती निघाली. इंग्रजाची रेल्वे त्यांना शेजारी बसवून घेऊन आली होती, विटाळ झाला तो स्टेशनाबाहेर. तो गाडीवान कुठल्या जातीचा होता ह्याला महत्त्व नाही. तो रयतेतला होता. शेणोलीला रेल्वे अडवणारी पोरं त्याच रयतेतली होती. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवायची आपल्याला सवय करावी लागेल.

अण्णा भाऊ स्वतः ह्या दोन्हींच्या मधले. ते बेचाळीसच्या चळवळीवर 'वारणेच्या खोऱ्यात' लिहितात, सत्तू भोसल्यावर 'वारणेचा वाघ' लिहितात आणि 'फकिरा'ही लिहितात. सत्तू आणि फकिरा, दोघेही फरारी, दोघेही गरिबांचे कैवारी. पण सत्तू रानात गेला म्हणून मराठ्यांची सगळी आळी हजेरीला उभी राहात नाही. सत्तूचा गुन्हा सत्तूचा. फकिराचा गुन्हा मांगवाड्याचा, आणि मांगवाड्याचा गुन्हा फकिराच्या जन्माआधीचा. बंडखोरांच्या कादंबऱ्या म्हणून दोन्ही एका दावणीला बांधणाऱ्या समीक्षकांना हे दिसत नाही. ('रॉबिन हूड' हा शब्द तर ह्या लोकांनी मराठीतनं कायमचा हद्दपार करावा. त्या रानातल्या कुणाला जातीपायी हजेरी होती?)

इथवर मी अण्णा भाऊंच्या बाजूनं बोललो. आता त्यांच्याशी भांडतो.

'फकिरा'ची सुरुवात जोगणीनं होते. शिगावची जोगणी पळवून आणली की जत्रेचा मान वाटेगावला मिळणार. फकिराचा बाप राणोजी मांग ती आणायला जातो आणि जीव देतो. गावाला मान मिळतो, जत्रा भरते. मांगवाड्याला काय मिळतं? एक हुतात्मा. हा प्रसंग लिहिताना अण्णा भाऊंची लेखणी नुसती धावत सुटते, वाचणारा घामाघूम होतो. पण थांबून विचारा. ज्या गावात ह्या माणसाची सावली चालत नाही, त्या गावाच्या जत्रेसाठी तो मरतो आणि लेखक त्याला शाबासकी देतो. राणोजीची थोरवी सिद्ध व्हायला गावाची गरज का पडावी? तेच फकिराच्या घरातल्या शिवाजीच्या काळच्या तलवारीचं. मांग शूर आहे हे सांगायला छत्रपतींचा दाखला. भूक पुरेशी नाही का? उपाशी पोरासाठी जीव धोक्यात घालणारा माणूस तलवारीशिवाय शूर ठरत नाही का?

आणि विष्णुपंत कुलकर्णी, शंकर पाटील. एक उदार ब्राह्मण आणि एक दिलदार मराठा, दोघेही मांगांच्या पाठीशी. असे लोक नव्हते असं मी म्हणत नाही, प्रत्येक गावात एखादा असतोच. पण कादंबरीत त्यांच्यामुळं सगळं गाव निर्मळ होऊन बसतं, आणि वाईटपणा एक तर परगावच्या खोताकडं जातो, नाही तर इंग्रजाकडं. वाटेगावची स्वतःची शिवाशीव, पाणवठा, वेठ, ह्यावर लेखक हलक्या हातानं पाणी फिरवतो. सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांनी 'फकिरा'ला प्रस्तावना लिहिली, १९६१ साली सरकारनं पारितोषिक दिलं, १९६३ साली सिनेमा निघाला. हे सगळं अण्णा भाऊंच्या लेखणीचं बळ आहेच. तरी मला शंका आहे की विष्णुपंत नसता तर ही दारं एवढ्या लवकर उघडली असती का.

गंमत अशी की ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याचं वस्त्रहरण केलं. खेडं म्हणजे अज्ञानाची आणि संकुचितपणाची जागा, असं त्यांचं मत. फकिराला मात्र वाटेगाव सोडवत नाही, त्याची सगळी मर्दुमकी गावाच्या शिवेसाठी. अर्पणपत्रिका एकीकडं ओढते आणि कथानक दुसरीकडं. एक मित्र म्हणाला, अण्णा भाऊ कम्युनिस्ट, त्यांना वर्ग दिसला, जात दिसली नाही. हे मला पटत नाही. दीड दिवस शाळेत गेलेला, बापाबरोबर पायी चालत मुंबई गाठलेला मांगाचा पोर, त्याला जात दिसली नाही म्हणणं म्हणजे अतिच झालं. उलट हजेरीची पानं ज्यानं लिहिली त्याला सगळं दिसत होतं. मला वाटतं गाव सोडून आलेल्या माणसाला गाव जसं आठवतं तसं त्यांना आठवलं. स्वतः गाव सोडलं आणि फकिराला गावात ठेवलं.

'स्मशानातलं सोनं' ह्या कथेत ते ह्यातनं सुटलेत. वारणेकाठचा भीमा मुंबईला येतो, खाणीत काम करतो. खाण बंद पडते आणि तो मढ्यांच्या राखेतलं सोनं शोधायला लागतो. इथं कुणी विष्णुपंत नाही, जोगणी नाही, तलवार नाही. मढ्याच्या जबड्यात बोटं अडकतात आणि जातात, त्याच दिवशी खाण सुरू झाल्याची बातमी येते. दरोड्याचं हे शेवटचं टोक. फकिरा जिवंत मठकऱ्याचं धान्य घेतो तेव्हा त्याच्यामागं दोन वाडे उभे असतात. भीमाला फक्त मेलेल्याकडनं घेता येतं, आणि तो एकटा असतो. ही कथा जयंतीच्या स्टेजवर वाचताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

वाटेगावहून पूर्वेला, पाऊस संपतो तिथं आटपाडी आहे. शंकरराव खरात तिथले. 'तराळ-अंतराळ' १९८१ साली आलं. त्यात विहिरीतल्या प्रेताचा प्रसंग आहे. गावकामगार म्हणून राबणाऱ्या महार बापाला पोलीस विहिरीत उतरून प्रेत काढायला लावतात आणि पोरगा काठावरनं बघतो. मांगाला कायदा चोर म्हणून चावडीवर उभा करतो, महाराला कायदा हुकमाचा चाकर म्हणून विहिरीत उतरवतो. चावडी एकच. खरातांच्या पानात शौर्य नाही, बाप खाली उतरतो, एवढंच आहे. तरी मी ते पान राणोजीच्या मरणापेक्षा वर ठेवतो. राणोजी गावासाठी मरतो तेव्हा आपल्याला गावाचा अभिमान वाटतो. खरातांचा बाप विहिरीत उतरतो तेव्हा आपल्याला गावाची लाज वाटते. १९८४ ला जळगावच्या साहित्य संमेलनाचे खरात अध्यक्ष झाले. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ लाच गेले होते, त्यांच्या वाट्याला तेही नाही.

ह्या आटपाडीजवळच स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानात १९३९ साली, भवानराव पंतप्रतिनिधींच्या राज्यात आणि मॉरिस फ्रिडमन ह्या पोलंडच्या माणसाच्या कल्पनेनं, कैद्यांची उघडी वसाहत निघाली. भिंत नाही, बेडी नाही, खुनाची शिक्षा झालेली माणसं शेती करून कुटुंबासकट राहायची. 'दो आंखें बारह हाथ' हा १९५७ सालचा सिनेमा त्यावरनंच निघाला. थोर काम, वाद नाही. आता हे हजेरीशेजारी ठेवून बघा. त्याच काळात संस्थानात शिक्षा झालेला खुनी उघड्यावर झोपत होता आणि शिवेपलीकडं खालसा मुलखात, ज्यानं काहीच केलेलं नाही असा माणूस हजेरीच्या पुस्तकात बंद होता. एका कैद्यावर विश्वास टाकता येतो हे कळलेल्या माणसांच्या शेजारीच एका अख्ख्या जातीवर अविश्वासाचा कायदा चालत होता. ह्या विसंगतीवर कुणी सिनेमा काढला नाही.

आणखी एक. माळवाडीचं धान्य मांगवाड्यात येतं तसं महारवाड्यातही जातं. फकिराच्या माणसांनी पोटाची जात विचारली नाही. १ ऑगस्ट २०२४ ला, नेमका अण्णा भाऊंच्या जयंतीला, सुप्रीम कोर्टानं अनुसूचित जातींत उपवर्गीकरण करता येतं असा निकाल दिला. तेव्हापासून आपल्यातलं बोलणं बिघडलंय. मांगांची मागणी खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मागं राहिलेल्याला आपला वाटा मागायचा अधिकार आहे, आणि तो मागताना महाराला शत्रू करायचं कारण नाही. महाराच्या पोरानंही तो मागणारा फुटीर आहे असं म्हणू नये. धान्य आणायला रात्री गेले ते मांगाचे होते, खाल्लं दोघांनी. हे दोघांनीही विसरलेलं बरं नाही.

बायकांबद्दल एवढंच म्हणतो, आणि ते खरं तर जास्त व्हायला पाहिजे. राधा आणि सरजा ह्या कादंबरीत बऱ्याचदा पदराआडनं दिसतात, नवरा-पोरगा लढायला जाताना. पण शेवट त्यांच्यावरच येतो. फकिरा हाती लागत नाही म्हणून सरकार मांगांच्या बायकापोरांना, म्हाताऱ्यांना धरून कोंडतं आणि त्यांच्यासाठी फकिरा स्वतः हजर होतो. समीक्षक ह्याला नायकाचा त्याग म्हणतात. त्या कोंडलेल्या बायकांनी काय खाल्लं, रात्री पहाऱ्यावर कोण होतं, तान्ह्या पोरांना दूध कुठनं आलं, हे अण्णा भाऊंनी लिहिलं नाही. माझी आजी लिहायला शिकलेली नव्हती. आजा हजेरीला गेला की घरात ती एकटी, आणि गावातला कुणीही मांगवाड्यात शिरायचा. तिच्या तोंडून मी हे एकदाच ऐकलं, आणि तेही अर्धं.

वाळवा, शिराळा, कराड, पाटण ह्या चार तालुक्यांत हजेरी बघितलेली माणसं आता हाताच्या बोटांवर उरलीत. १९४९ ला जे दहा वर्षांचे होते ते आज पंच्याऐंशीच्या पुढं. स्वातंत्र्यसैनिकांच्या याद्या झाल्या, पेन्शनी झाल्या, सन्मानपत्रं भिंतीवर लागली. हजेरी देणाऱ्यांची यादी मात्र पोलिसानं केली तेवढीच, आणि ती कुठल्या कचेरीत वाळवीनं खाल्ली ते ठाऊक नाही. ज्यांच्या घरात असं म्हातारं माणूस आहे त्यांनी वही घेऊन शेजारी बसावं. किती वाजता बोलवायचे, कुणी पुकारायचं, परवान्यावर काय लिहिलेलं असायचं, आणि त्या वेळात घरात बाई काय करत होती, तेवढं उतरवून ह्या अंकाकडं पाठवा. शुद्धलेखन आम्ही बघणार नाही.